दिलेला शब्द, घेतलेली उचल आणि कायदा

बीड जिल्ह्यात कितीतरी व्यवहार आजही शब्दावर होतात. ऊसतोड मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ पैसे, सोयऱ्याकडून हातउसने, सावकाराच्या नावानं खरेदीखत, गावातल्याच एजंटाकडे ठेव. शब्द मोडला की माणूस म्हणतो, ‘विश्वासघात केला, याला आत टाका.’ पण विश्वास मोडला एवढ्यावर कायदा कुणाला गुन्हेगार ठरवत नाही. कुणाच्या हाती काय सोपवलं होतं, कशासाठी, आणि घेणाऱ्याच्या मनात सुरुवातीपासून काय होतं, हे तो विचारतो. हे ठाऊक नसल्यानं खरा नाडलेला माणूस भलत्याच दाराशी बसून राहतो आणि कधीकधी नाडणाराच फिर्यादी होतो.

‘उचल घेतली आणि आला नाही, म्हणजे चारशे वीस’

धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागात हा समज घट्ट आहे. ऊसतोडीच्या हंगामाआधी साखर कारखान्याचा पैसा वाहतूकदार आणि मुकादमामार्फत कोयत्यापर्यंत येतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नोटरीसमोर बाँडवर सही किंवा अंगठा होतो. त्या कागदावर काय लिहिलंय हे अंगठा देणाऱ्याला अनेकदा कुणी वाचूनही दाखवत नाही. हंगाम संपला तरी उचल फिटली नाही, तर ‘बाकी’ अंगावर राहते आणि पुढच्या वर्षी तीच माणसाला ओढून नेते.

आता वस्तुस्थिती. फसवणुकीचा गुन्हा, म्हणजे जुनं कलम 420 आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 318, लागायचा तर पैसे घेतानाच फसवायचा इरादा असावा लागतो. एकाच पिकाच्या एकाच हंगामात तीन मुकादमांकडून उचल घेऊन पसार होणं वेगळं, आणि बायको आजारी पडली म्हणून जाता न येणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात करार मोडला, गुन्हा झाला नाही. वसुलीसाठी दिवाणी न्यायालय आहे. फसवणूक आणि विश्वासघात हे गुन्हेही एक नव्हेत. विश्वासघातात वस्तू आधी सचोटीनं सोपवलेली असते आणि लबाडी नंतर होते. एकाच घटनेवर दोन्ही कलमं डोळे झाकून लावू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट 2024 मध्ये दिल्ली रेस क्लबच्या प्रकरणात पोलिसांना आणि खालच्या न्यायालयांना बजावलं आहे.

याहून मोठी गोष्ट तांड्यावर फारशी कुणी सांगत नाही. बाकी फिटेपर्यंत मजुराला कोपीवरून, म्हणजे त्याच्या तात्पुरत्या झोपडीवरून, हलू न देणं, त्याच्या लेकराला किंवा म्हाताऱ्या बापाला अडकवून ठेवणं, हा वसुलीचा मार्ग नसून गुन्हा आहे. वेठबिगार पद्धती निर्मूलन अधिनियम 1976 नुसार वेठीला बांधणारं कर्जच बुडीत ठरतं, ते फेडण्याची जबाबदारी संपते. आणि कर्ज तशा प्रकारचं नाही हे सिद्ध करण्याचं ओझं मजुरावर नसतं, पैसे देणाऱ्यावर असतं. तक्रार जिल्हाधिकारी किंवा तहसीलदारांकडे करता येते. ज्या जिल्ह्यातून इतकी माणसं ऊस तोडायला जातात, तिथं हे कलम बाँडच्या कागदाइतकंच घरोघरी माहीत असायला हवं.

‘खरेदीखत झालं, जमीन गेली’

लग्न, दवाखाना, नापिकी. सावकार म्हणतो, ‘कागद नावाला करून दे, पैसे आणलेस की उलट करून देतो.’ दुय्यम निबंधकाकडे नोंदणी होते, फेरफार पडतो, सातबाऱ्यावर नाव चढतं. पुढं तो म्हणतो, मी तर विकत घेतली.

नोंदणीकृत दस्ताविरुद्ध तोंडी बोली सहजासहजी टिकत नाही, हे खरं. गहाणाची अट त्याच दस्तात लिहिलेली असेल तरच ते कायद्यानं सशर्त विक्रीचं गहाणखत ठरतं. पण म्हणून सगळं संपत नाही. व्यवहार विक्रीचा नव्हताच, कागद फक्त तारण म्हणून केला, हे सिद्ध करू देण्याची वाट सर्वोच्च न्यायालयानं गंगाबाई विरुद्ध छबुबाई खटल्यात मोकळी ठेवली. जमीन अजून कोण कसतं, किंमत रेडीरेकनरच्या किती खाली होती, व्याज कुणाच्या खात्यावर गेलं, या गोष्टी तिथं बोलतात. शिवाय महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम 2014 च्या कलम 18 खाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. सावकारीपोटी बळकावलेली जमीन अर्जाच्या मागच्या 15 वर्षांतली असेल, तर चौकशीअंती उपनिबंधक दस्त अवैध ठरवून ती परत देण्याचा आदेश देऊ शकतात. व्याज रोख न देता खात्यावरून द्या, एवढं केलं तरी पुढचं अर्धं काम होतं.

‘मल्टीस्टेट म्हणजे बँकच’

नव्हे. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, तो सहकारी बँकेलाही आहे. पतसंस्थेला किंवा मल्टीस्टेट पतसंस्थेला नाही. मल्टीस्टेटची नोंदणी केंद्रीय निबंधकांकडे होते, पण नोंदणी क्रमांक म्हणजे सरकारची हमी नाही. ज्ञानराधा मल्टीस्टेटमध्ये ठेवी अडकल्यावर बीडच्या हजारो घरांना हे कळलं, आणि फार महाग पडून कळलं. 2024 मध्ये संस्थेच्या प्रमुखांना अटक झाली, ईडीनं मालमत्तांवर टाच आणली. अशा वेळी ठेवीदारांच्या हितरक्षणाचा राज्याचा 1999 चा कायदा, म्हणजे एमपीआयडी, कामाला येतो. त्याखाली मालमत्ता जप्त होऊन विशेष न्यायालयामार्फत ठेवीदारांना पैसे वाटता येतात. त्यासाठी मूळ पावत्या जपा आणि आपला दावा सक्षम प्राधिकाऱ्याकडे वेळेत नोंदवा.

‘देवस्थानची जमीन विश्वस्तांची’

विश्वस्त मालक नसतो. सार्वजनिक न्यासाची जमीन विकायला, दान द्यायला, शेतजमीन 10 वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्यानं द्यायला धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, हे 1950 च्या न्यास कायद्याचं कलम 36 सांगतं. मराठवाड्यातल्या खिदमतमाश जमिनी देवाच्या सेवेसाठी दिलेल्या आहेत, कसणाऱ्याला त्या परस्पर विकता येत नाहीत. ‘आपण साधे भाविक, आपण काय विचारणार’ हाही गैरसमजच आहे. देवळात नेहमी दर्शनाला जाणारा माणूस कायद्याच्या भाषेत हितसंबंधित व्यक्ती ठरतो. न्यासाच्या नोंदीचा, म्हणजे परिशिष्ट एकचा, उतारा तो मागू शकतो आणि गैरव्यवहार दिसला तर विश्वस्ताला हटवण्यासाठी अर्जही करू शकतो.