दाणा न सापडलेलं कोठार

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य होतं: मोहेंजोदडोच्या कोठारात शहराचं धान्य साठवलं जाई. गाइडनी समासात एकच शब्द लिहिला, 'कशावरून?' मी म्हटलं, सर, शाळेपासून हेच वाचत आलोय की!

आता बघा. तिथल्या प्रसिद्ध महास्नानगृहाशेजारी विटांचे २७ चौथरे आहेत, मधून अरुंद बोळ. मार्शलच्या काळात तिथे गरम हवेचं स्नानगृह असावं असं वाटलं होतं. १९५० मध्ये मॉर्टिमर व्हीलरने पुन्हा खोदलं आणि अर्थच बदलला: बोळ धान्याला हवा लागावी म्हणून, वरती लाकडी कोठार, बाजूला माल चढवायचा ओटा. रोमन कोठारं त्याच्या ओळखीची, त्यामुळे साम्य लगेच दिसलं असणार. धान्याचा पुरावा मात्र तिथे मिळाला नाही.

नाव एकदा चिकटलं की तेच पुरावा बनतं. कोठार आलं की कर आला, कर आला की राज्यसत्ता आली. एवढी मोठी इमारत, तीही एका न सापडलेल्या दाण्यावर!

तपासायचं कसं? जमिनीवरची माती पाण्यात ढवळली तर जळके दाणे तरंगतात. टरफलांतले सिलिकाचे सूक्ष्म कण तर न जळताही टिकतात. पण एकदा उपसून टाकलेली माती परत मिळत नाही.

मी आता 'कोठार म्हणून ओळखली जाणारी इमारत' असं लिहितो. शब्दमर्यादेची वाट लागते, पण समास कोरा राहतो.