प्रागला जाताना पाकीट सांभाळा
चेक प्रजासत्ताक युरोपीय संघात असले, तरी त्याची राजधानी प्राग येथे चलन युरो नव्हे, कोरुना आहे. १४१० सालचे खगोलीय घड्याळ पाहणाऱ्या गर्दीत खिसेकापूंपासून सावध राहावेच. परंतु मोठा फटका बसतो तो चलन बदलताना. काही दुकानांतील दर पाहून आम्हा बँकवाल्यांनाही घाम फुटावा! मात्र २०१९ पासून तेथील कायद्याने दुकानात केलेला एक हजार युरोपर्यंतचा चलनबदल तीन तासांच्या आत रद्द करण्याचा हक्क ग्राहकास दिला आहे; तेव्हा पावती जपावी. एटीएमने रुपयांत आकारणीचा पर्याय दिल्यास तो नाकारून कोरुनाच निवडावा. रुपयांचा तो दर बहुधा महागच पडतो. चार्ल्स पूल भल्या पहाटे पाहावा. तिथे तिकीट नाही.