समुपदेशकाची निवड करताना

मनाच्या तक्रारीसाठी कोणाकडे जावे, हा प्रश्न बहुतेक मराठी कुटुंबांत फार उशिरा विचारला जातो आणि तेव्हाही ओळखीतल्या कोणी सुचवलेल्या नावावरच शोध थांबतो. त्या नावापुढील पदवीचा अर्थ काय, याची चौकशी क्वचितच होते. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक विकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचे आढळले. यामागे तज्ज्ञांची तोकडी संख्या आणि लोकलज्जा आहेच. परंतु योग्य दार ठाऊक नसणे हेही एक कारण आहे आणि ते दूर करणे त्यामानाने सोपे आहे.

मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर असून तो औषधे लिहून देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषधे देत नाही. मानसशास्त्रीय चाचण्या आणि मनोपचार, म्हणजे संवादाच्या शास्त्रशुद्ध पद्धतीने विचार, भावना व वर्तन यांत बदल घडवणे, हे त्याचे काम असते आणि त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. नातेसंबंधांतील ताण, शोक, परीक्षेची धास्ती अशा अडचणींत समुपदेशक मदत करतो. मात्र खरा गोंधळ येथेच आहे, कारण डॉक्टरांप्रमाणे समुपदेशकांच्या नोंदणीची घडी अद्याप बसलेली नाही. हा व्यवसाय २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायविषयक कायद्याच्या कक्षेत आला असला, तरी काही आठवड्यांचे प्रमाणपत्र मिळवलेली व्यक्ती आणि एम.ए. करून वर्षानुवर्षे अनुभवींच्या देखरेखीखाली काम केलेली व्यक्ती, या दोघांच्या पाटीवर तोच शब्द दिसतो.

म्हणून शिक्षण कोठे झाले, कामावर कोणा ज्येष्ठाची देखरेख असते का, सत्राचे शुल्क किती आणि गरज पडल्यास मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवले जाते का, हे पहिल्याच भेटीत निःसंकोच विचारावे. यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. सर्व आजार केवळ बोलण्याने बरे करण्याची हमी देणाऱ्यापासून दूर राहणेच हिताचे. देखरेखीचे महत्त्व गोव्यातील ‘संगत’ या संस्थेच्या कामातून स्पष्ट होते: तेथे मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, परंतु नीट प्रशिक्षण दिलेल्या आणि देखरेखीखाली काम करणाऱ्या समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांवर केलेला अल्पकालीन उपचार गुणकारी ठरल्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

पहिले सत्र साधारण पाऊण ते एक तासाचे असते. त्यात झोप, भूक, घरची परिस्थिती, पूर्वीचे आजार यांची विचारपूस होते आणि जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो का, हेही थेट विचारले जाते. या प्रश्नाने नातेवाईक दचकतात. पण असे विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट दडवलेले बोलायला वाट मिळते. ‘जीव घाबरा होतो’, ‘कशातच मन लागत नाही’ असे स्वतःच्या भाषेत सांगता येणे हा उपचाराचाच भाग असल्याने मराठी बोलणाऱ्या तज्ज्ञाचा आग्रह धरणे गैर नाही. दोन-तीन सत्रांनंतरही मन मोकळे होत नसेल, तर समुपदेशक बदलण्यातही काही वावगे नाही.

खासगी सत्रांचे शुल्क अनेकांना परवडत नाही. अशांनी जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभागात केसपेपर काढावा. ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये केवळ दाखल होण्यासाठी असल्याचा समज चुकीचा आहे. तेथे बाह्यरुग्ण विभागही चालतात. उपचारांविषयी गोपनीयता राखली जाण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला दिला आहे.

आत्महत्येचे विचार तीव्र असतील, तर योग्य समुपदेशकाच्या शोधात वेळ न दवडता त्या व्यक्तीला एकटे न सोडता जवळच्या रुग्णालयात न्यावे. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क असून त्यावर चोवीस तास, मराठीतूनही बोलता येते.