केसाएवढ्या फटीतला उन्हाळा

मे महिना हा गडचिरोलीत तेंदूपत्त्याचा महिना. पहाटे जंगलात जायचे, पाने तोडायची, घरी पुडके बांधायचे आणि ते फळीवर मोजून द्यायचे. वनहक्क कायदा आणि पेसा यांच्या बळावर अनेक ग्रामसभा आता पानांचा लिलाव स्वतःच करतात. साहजिकच कोणाचे किती पुडके आणि कोणाची किती मजुरी, हा हिशेबही त्यांनाच ठेवावा लागतो. अशाच एका ग्रामसभेला मी हिशेबात मदत करत होतो. पत्र्याच्या छपराखालचा संगणक दुपारी दोनच्या सुमारास आधी मंदावायचा आणि मग एकाएकी बंद पडायचा. बाहेर मजुरीच्या यादीची वाट पाहत बाया बसलेल्या असायच्या. ‘मशीनलाबी ऊन लागलं वाट्टे,’ एक आजी म्हणाल्या. निदान अचूक होते.

संगणकाचा प्रोसेसर जेवढी वीज घेतो, तेवढीच उष्णता बाहेर टाकतो. ६५ वॅटचा प्रोसेसर म्हणजे ६५ वॅटची शेगडीच, तीही जेमतेम ३ सेंटीमीटर लांबी-रुंदीची. ही उष्णता वाहून नेण्यासाठी त्याच्या डोक्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या पात्यांचा हीटसिंक आणि त्यावर पंखा बसवलेला असतो. पंखा कितीही जोरात फिरला तरी प्रोसेसर खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. खोलीचे तापमान जितके, त्यावर उष्णता वाहून नेताना होणारी चढ मिळवायची, की प्रोसेसरचे तापमान मिळते. ही चढ ५० अंशांची धरली, तर २८ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७८ अंशांवर राहतो. चंद्रपूर-गडचिरोलीत बाहेर पारा ४६-४७ वर जातो. तेव्हा ४५ अंशांच्या खोलीत तोच प्रोसेसर ९५ वर पोहोचतो. बरेच प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास स्वतःला आवरतात. आधी वेग कमी करतात, मग बंद होतात.

बाहेरचा उन्हाळा आपल्या हातात नाही. हातात आहे ती चढ, आणि तिचा एक मोठा टप्पा डोळ्यांना दिसतच नाही. प्रोसेसरची झाकणी आणि हीटसिंकचा तळ एकमेकांना चिकटलेले दिसतात, पण प्रत्यक्षात थोड्याच उंचवट्यांवर टेकलेले असतात. कातकामाच्या यंत्राने तळावर बारीक रेघा सोडलेल्या असतात, कधी तो मध्ये किंचित खोलगट असतो. उरलेल्या जागेत हवा असते.

या हवेचे मोल समजायला वैरागडला जावे लागेल. आरमोरी तालुक्यातल्या या गावच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख ‘ऐन-ए-अकबरी’त आहे. हिरा दागिन्यात मिरवतो, पण उष्णता वाहून नेण्यातही त्याची बरोबरी करणारे पदार्थ विरळाच. या गुणाच्या मापात हिऱ्याला सुमारे २०००, तांब्याला ४००, अ‍ॅल्युमिनियमला २०० च्या वर, आणि हवेला ०.०२६! एका केसाच्या जाडीची, म्हणजे ०.१ मिलिमीटरची अखंड हवेची फट ओलांडायला ६५ वॅट उष्णतेला सुमारे २७० अंशांचा फरक लागेल. म्हणून मध्ये पेस्ट लावतात. साध्या पेस्टचे माप २ धरले, तर तीच फट साडेतीन अंशांत पार होते. फट ०.०२ मिलिमीटरवर आणली, तर पाऊण अंशात. म्हणजे तळ सपाट केल्याने सुमारे तीन अंश वाचतात. पेस्ट हवेपेक्षा चांगली, पण धातूपुढे ती अडथळाच. ती फक्त खळगे बुजवण्यापुरती हवी.

मोठ्या यंत्रांनाही हा सांधा चुकत नाही. पुण्याच्या आयसरमधला ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक पाण्यासारख्या द्रवाने थंड ठेवतात. पण द्रव वाहणारी पट्टीही शेवटी प्रोसेसरवर टेकवावीच लागते.

तळ सपाट करण्याची रीत फिटरच्या कामातली आहे. जाड, सपाट काचेवर वॉटर पेपर पसरायचा. आधी ४०० नंबरचा, मग ८००, १२०० आणि शेवटी हवा तर २०००. तळावर मार्करने उभ्या-आडव्या रेघा ओढायच्या. साबणाच्या पाण्याचे थेंब टाकून, जोर न देता, हीटसिंक सरळ रेषेत फिरवायचा आणि अधूनमधून काटकोनात वळवायचा. रेघा कडेला पुसल्या आणि मध्ये राहिल्या, तर तळ खोलगट आहे. सगळ्या सारख्या पुसल्या की थांबायचे. आरशासारखी चकाकी येणे आणि तळ सपाट होणे या वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याला हवा तो सपाटपणा. मग तळ धुऊन, पुसून, पूर्ण वाळवून तुरीच्या दाण्याएवढी पेस्ट लावायची आणि स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जायचे.

काही पथ्ये आहेत. प्रोसेसरची झाकणी घासू नये. वॉरंटी जाते, आणि धातूचा चुरा बोर्डावर पडला तर सगळेच जाते. तांब्याच्या नळ्या तळाशी उघड्या असतील तर हात लावू नये, त्यांची भिंत पातळ असते. काही कंपन्या तळ मुद्दाम किंचित फुगीर ठेवतात, तोही सोडून द्यावा. आणि सर्वांत आधी पात्यांमधली धूळ काढावी. ती तशीच ठेवून तळ घासणे म्हणजे विहीर गाळाने भरलेली असताना दोर बदलण्यासारखे.

आम्ही तिन्ही गोष्टी केल्या. धूळ काढली, वाळून खडू झालेली पेस्ट खरवडली, तळ घासला. शिवाय संगणक पत्र्याखालून कौलांच्या खोलीत हलवला. यातल्या कशाने किती फरक पडला हे वेगळे मोजले नाही. पण त्या हंगामात पुढे दुपारची यादी दुपारीच निघू लागली.

थंड खोलीत तीन अंशांसाठी तासभर घासत बसणे हा हौशी लोकांचा छंद ठरेल. आमच्याकडे मे महिन्यात काम चालू राहणे आणि बंद पडणे यांत कधी कधी तेवढेच अंतर उरते.