मुलाने स्वतः शिकावे, म्हणून शिक्षकांनी एकत्र बसावे

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने कामावर जाणाऱ्या आईवडिलांच्या घरी संध्याकाळी मुलाचा अभ्यास कोण घेणार, हा प्रश्न आपल्या अनेक कुटुंबांच्या परिचयाचा आहे. ज्यांना परवडते ते शिकवणीची फी भरतात. तेथे जाणारे मूल उत्तरे पाठ करते, गुणही आणते. परंतु नवा धडा एकट्याने वाचायची वेळ आली की ‘सरांनी हा अजून घेतला नाही’ म्हणून पुस्तक मिटते. ज्यांना परवडत नाही त्यांच्या मुलांपाशी तेवढाही आधार नसतो. म्हणूनच स्वतःहून शिकता येणे ही चैन नसून कष्टकरी घराची निकड आहे, असे आम्हांला वाटते.

ही सवय एकटा शिक्षक लावू शकत नाही. गणिताच्या बाई मुलाला म्हणतात, ‘तुझी चूक तूच शोध.’ पुढच्याच तासाला दुसरे गुरुजी प्रश्न विचारल्याबद्दल त्याला खाली बसवतात. मूल हुशार असते. ते ज्याला जे आवडेल ते त्याच्यापुढे करते आणि शिकण्याची सूत्रे पुन्हा मोठ्यांच्या हाती जातात. शिक्षकांचे आपापसांत एकमत असल्याशिवाय मुलाला स्वातंत्र्य मिळत नाही.

याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीट, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालील सुमारे ४० जिल्हा परिषद शाळांचा गट. विस्तार अधिकारी श्रीमती प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने तेथील शिक्षकांनी ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल आपले ज्ञान स्वतः रचते हा विचार, वर्गात उतरवला. मुले गटागटाने जमिनीवर बसू लागली, फरशीवर आखलेल्या आकृत्यांवर व हाताळण्याच्या साहित्यावर संख्या आणि शब्द शिकू लागली, एकमेकांना समजावू लागली. खडू-फळ्याचे काम कमी झाले, शिक्षकाचे निरीक्षण वाढले. साहित्य तर कोठेही विकत मिळते. आमच्या मते खरे मोल होते ते शिक्षकांच्या परस्पर चर्चेचे: कोणते मूल कोठे अडले, हे सहकाऱ्यापुढे संकोच न बाळगता सांगण्याचे. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा राज्यभरातील शिक्षक या शाळा पाहावयास आले. काहींनी मात्र केवळ फरशा रंगवल्या आणि काम झाले असे मानले!

ख्रिस्तसभेला हा विचार नवा नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी जाहीरनामा प्रसिद्ध केला. शिक्षकांनी एकमेकांशी व विद्यार्थ्यांशी प्रेमाने जोडलेले असावे, पालकांना सहकारी मानावे आणि विद्यार्थ्यांना स्वतः कृती करण्यास प्रवृत्त करावे, असे त्यात सांगितले आहे. त्याच्याही कित्येक शतके आधी संत थॉमस अक्वायनस यांनी शिक्षकाची तुलना वैद्याशी केली. रोग्याला बरे करते ते त्याचे शरीर. वैद्य त्याला साहाय्य करतो. तसेच शिकते ते मुलाचे मन. मिरजेच्या रुग्णालयांच्या सावलीत राहणाऱ्यांना हे अधिक सांगायला नको. आणि एकाच रोग्यावर दोन वैद्यांनी एकमेकांना न विचारता उपचार केले तर काय होते, हेही त्यांना ठाऊक आहे.

आपल्या धर्मग्रामांत निरनिराळ्या शाळांतील शिक्षक रविवारी एकाच मिस्साबलीला येतात आणि प्रांगणात नमस्कार करून पांगतात. महिन्यातून एकदा त्यांनी तासभर थांबावे, अशी आमची विनंती आहे. भाषण नको, हारतुरे नकोत. प्रत्येकाने एका विद्यार्थ्याची वही नाव झाकून आणावी आणि दोनच गोष्टी पाहाव्यात: या मुलाला पुढची पायरी स्वतः कशी चढता येईल, आणि त्यासाठी आपण काय करायचे थांबवले पाहिजे. पालकांपैकी कोणी येऊ इच्छित असेल तर त्यांनाही बसू द्यावे. जागेची अडचण असल्यास धर्मगुरूंना सांगावे; धर्मशिक्षणाचे वर्ग सुटल्यावर बाके मोकळीच असतात.