पहिल्या पायरीवर थांबवलेला कंपायलर

मे महिन्यात अकोल्यात प्रोग्रामचा वेग मोजायचा तर सकाळीच. दुपारी पारा पंचेचाळिशीला टेकला आणि कूलर नुसताच घरघरू लागला, की प्रोसेसर जीव वाचवायला आपली गती उतरवतो. मग प्रोग्राम सेटिंगमुळे रेंगाळला की उन्हामुळे, हे कोण सांगणार?

काम अमरावतीच्या एका जिनिंगचं. काट्यावर कापसाची गाडी आली की पावतीचा प्रोग्राम सुरू होतो, छापतो आणि बंद होतो. हिशेबाचा सर्व्हर मात्र हंगामभर चालूच. दोन्ही जावात.

जावाचं हॉटस्पॉट सगळा कोड आधीच कंपाइल करत नाही. शून्य पायरीवर ते कोड नुसता वाचत चालवतं. एखादी मेथड दोनशेच्या आसपास वेळा बोलावली गेली की सी-वन हा कंपायलर ती घाईत कंपाइल करतो आणि तिच्या वागण्याची नोंदही ठेवतो. पाच हजारांच्या पुढे सी-टू हा दुसरा कंपायलर येतो. तो त्या नोंदींवर भिस्त ठेवून कसून काम करतो. एकदाच जायचं त्या वावरासाठी कोणी पाणंद बांधत नाही, तोच हिशेब.

प्रिंटकॉम्पायलेशन हा फ्लॅग चालू केला की हे सगळं पडद्यावर सरकताना दिसतं. मला त्यात पाहण्यासारखी वाटते ती ‘मेड नॉट एंट्रंट’ची ओळ. सर्व्हरवर सकाळपासून व्यापाऱ्यांचीच बिलं होती, म्हणून सी-टूने दर काढायची एकच रीत गृहीत धरली. कापूस महामंडळाच्या (सीसीआय) हमीभाव खरेदीचं पहिलं बिल आलं, दुसरा क्लास लोड झाला आणि तो घोटीव कोड बाद! पुन्हा वाचत चालणं, पुन्हा चढण. म्हणून मोजण्याआधी दोन्ही तऱ्हेची बिलं भरपूर फिरवून घ्यायची.

“बाप्पा, नेटवरचे सारेच फ्लॅग टाकून देऊ ना,” असं जोडीदार म्हणाला. त्या यादीत अ‍ॅग्रेसिव्हऑप्ट्स होता; जावा 11 नेच तो कालबाह्य ठरवला. असल्या उताऱ्यांवर माझा विश्वास नाही. सर्व्हरच्या पायऱ्यांना हात लावला नाही. पावतीला टियर्डस्टॉपअ‍ॅटलेव्हल=1 दिलं: सी-वन, नोंदी नाहीत, आणि काट्यावरच्या दोन कोअरच्या संगणकावर सी-टूची लुडबूड नाही.

फरक पडला, पण थोडा. पावतीचा बराच वेळ क्लास लोड होण्यातच जात होता. त्याला उपाय जावा 13 पासूनचा, म्हणजे 2019 चा: लोड झालेल्या क्लासांचा साठा फाइलीत ठेवून पुढच्या वेळी तोच उचलायचा. जार बदलली की साठा नव्याने करावा लागतो, म्हणून ते काम इन्स्टॉलच्या स्क्रिप्टमध्येच घातलं.