शिळं कुणी खायचं?

सुनेला दिवस गेले असं कळलं, की घरातल्या आणि शेजारच्या बायका मिळून तिच्यासाठी एक यादी तयार करतात. पपई नको, अननस नको, वांगं उष्ण पडतं, तीळ-बाजरीच्या वाटेला जाऊ नको, ग्रहणात काही चिरू नको. ही यादी मायेपोटीच असते. त्यातल्या कच्च्या पपईबद्दल तर डॉक्टरही जपायला सांगतात. पण काय खाऊ नये हे सांगणाऱ्या आपण, जे खायचं ते कधीचं आहे, कुठं ठेवलेलं आहे, कुठल्या पाण्यातलं आहे, हे मात्र क्वचितच विचारतो.

बचत गटाच्या बैठकांना आणि अंगणवाडीत गरोदर बायकांशी बोलायला मी नेहमी जाते. सप्टेंबर हा पोषण महिना. त्या निमित्ताने एकदा सगळ्यांना विचारलं, "आज सकाळी काय खाल्लंत?" निम्म्याहून जास्त जणींचं उत्तर एकच, रात्रीच्या भाताला फोडणी. सहावा महिना लागलेली एक जण हळूच म्हणाली, "आमच्या आत्याबाईंना अन्न टाकलेलं आवडत नाही, ताई. सगळ्यांचं झालं की उरलेलं मीच संपवते." शेजारी बसलेल्या काकू लगेच म्हणाल्या, "अगं, आम्हीपण तेच खाल्लं. आम्हाला काय झालं?"

सगळ्या हसल्या. पण काकूंच्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायला हवं, कारण तो प्रश्न घरोघरी विचारला जातो.

पोटातलं बाळ आईच्या शरीराने सामावून घ्यावं, म्हणून गरोदरपणात तिच्या प्रतिकारशक्तीत बदल होतात. त्यामुळे काही रोगजंतू तिला लवकर गाठतात. लिस्टेरिया हा त्यातलाच एक. कच्चं दूध, न धुतलेली भाजी, उघड्यावरची कापलेली फळं यांतून तो पोटात जातो आणि फ्रीजच्या थंडीतही वाढतो. आईला नुसती कणकण येते, अंग दुखतं. पण बाळ दगावू शकतं. घरात सगळ्यांनी तेच खाल्लं आणि इतरांना काहीच झालं नाही, असंही होतं. प्रत्येक गर्भपात अन्नामुळे होतो असं मुळीच नाही. पण तसं घडलं, की 'घागर उचलली', 'नजर लागली' असं म्हणून बोट सुनेकडेच जातं. ताटाकडे कुणी पाहत नाही.

भाताचंच घ्या. तांदळात असणारे काही जंतू शिजवल्यावरही बीजरूपाने जिवंत राहतात. भात रात्रभर ओट्यावर राहिला, की ते वाढतात आणि विष तयार करतात. सकाळी कितीही खमंग फोडणी दिली तरी ते विष जात नाही. मग उलट्या, जुलाब. गरोदर बाईच्या अंगातलं पाणी कमी होणं ही साधी गोष्ट नाही. म्हणून शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावं, आणि पुन्हा खाताना वाफ येईपर्यंत, आमटी असेल तर उकळी फुटेपर्यंत गरम करावं. फ्रीज नसेल, तर बेताचंच रांधावं.

दुसरी गोष्ट दुधाची. 'धारोष्ण दूध पी, बाळ गुटगुटीत होईल' असं आपल्याकडे आवर्जून सांगतात. ज्या आजाराने गाई-म्हशी गाभडतात, त्या ब्रुसेलाचे जंतू अशाच न तापवलेल्या दुधातून माणसाला होतात. क्षयाचे जंतूही कच्च्या दुधातून येऊ शकतात. दूध नीट उकळलं, की दोन्ही मरतात. घरची म्हैस असली, तरी दूध तापवूनच प्यावं.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि ही सगळ्यात गंभीर. आपल्या गावांतून नळाची पाइपलाइन आणि गटार शेजारून जातात. पाइप फुटला की घाण पाणी नळात शिरतं. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, ती अशीच पाण्यातून पसरणाऱ्या 'हिपॅटायटिस ई'ची. इतरांना ही कावीळ बहुधा काही आठवड्यांत बरी होते. पण शेवटच्या तीन महिन्यांत गरोदर बाईला झाली, तर १०० पैकी २० ते २५ जणी दगावू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून पाणी उकळून, झाकून ठेवा आणि ओगराळ्याने घ्या. बाहेरचा बर्फ घातलेला उसाचा रस, पाणीपुरीचं पाणी यांचा मोह थोडे दिवस आवरा. डोळे पिवळे दिसले, तर झाडपाल्यात दिवस न घालवता तडक दवाखाना गाठा.

डोहाळजेवणाचंही तसंच. हौस जरूर करा. पण सकाळी चिरलेली फळं आणि दुपारी केलेली बासुंदी संध्याकाळी ओटी भरेपर्यंत तशीच मांडलेली असते, आणि पहिला घास उत्सवमूर्तीच्या तोंडात जातो. फळं आयत्या वेळी चिरा, बासुंदी थंडच ठेवा.

बाळंतपणानंतर डिंकाचे, अळिवाचे लाडू येतात. सुकं खोबरं खवट झालं किंवा बुरशी दिसली, तर 'वरचं खरवडून' बाळंतिणीला देऊ नका. दाण्यांवरच्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष भाजल्यानेही पुरतं जात नाही.

आणि बाळासाठी एवढं पाळा:

• पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. वरचं पाणीही नको.

• मध चाटवू नका. मधातल्या जंतूंची बीजं मोठ्यांना बाधत नाहीत, पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला त्यांच्यामुळे जिवावरचा आजार होऊ शकतो.

• सहाणेवर उगाळलेली गुटी नको. सहाण, पाणी, बोट यांतलं एक जरी अस्वच्छ असलं, तरी बाळाला जुलाब होतात.

• डॉक्टरांनी वरचं दूध सांगितलंच, तर ते वाटी-चमच्याने पाजा. बाटली नीट स्वच्छ होत नाही. बाटल्या आणि पावडरच्या दुधाच्या जाहिरातींवर १९९२च्या कायद्याने बंदी आहे, ती उगाच नाही.

• आईला जुलाब झाले, तरी अंगावरचं पाजणं थांबवू नका. हात मात्र साबणाने धुवा.

हे सगळं सांगून झाल्यावरही मूळ प्रश्न उरतोच. उरलेलं कुणी संपवायचं? त्या सहा महिन्यांच्या पोरीला 'शिळं खाऊ नकोस' एवढंच सांगून भागत नाही, कारण ते तिच्या हातातच नसतं. तिने टाकलं तर ती उधळी, खाल्लं तर गुणी. म्हणून हे मी सासवांना, जावांना आणि घरातल्या पुरुषांना सांगते आहे. रात्री पोळ्या मोजून करा. भात उरलाच, तर ठरवून सगळ्यांनी वाटून संपवा. आणि तिचं ताट सगळ्यांच्या शेवटी नको, पहिल्या पंगतीत वाढा. अन्न हे पूर्णब्रह्म आहे, ते वाया जाऊ नये हे खरंच. पण वाटीभर भात वाचवण्यासाठी दोन जीव पणाला लावणं कुठल्याच घराला परवडणारं नाही.